किती वर्षं चालायला हवा

मुलाचा कॉम्प्युटर गेलं वर्षभर कुरकुरत होता. पंखा असा घरघरायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "गिरणी चालू केलीस का रे?" मुलगा तिथूनच म्हणायचा, "हो, तुझं काही दळायचंय का?" इथवर ठीक होतं. पण मग खेळातल्या ऐन लढाईत चित्र गोठू लागलं. पडदा पुन्हा हलेपर्यंत त्याचा संघ हरलेला असायचा.

मुलगा तिशीला आला होता. स्नायूंच्या आजाराने आधी पाय नेले, मग खांदे, मग डावा हात. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी उरली होती, आणि त्यांच्या जोरावर तो पाच जणांच्या संघाचा कप्तान होता. बाकीच्या चौघांना त्याचा फक्त आवाज माहीत होता. चाकाच्या खुर्चीबद्दल त्याने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते त्याला कप्तान म्हणायचे. ऐकून ऐकून घरातही तेच नाव रुळलं.

गेल्या तपासणीनंतर डॉक्टरांनी आईवडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, "अजून वर्ष. फार तर दीड. बोटं त्याआधी जातील." मुलाकडे परत जाताना आई दारातच थांबली. "अहो, आधी चेहरा नीट करा." वडिलांनी चष्मा काढून पुसला, तेवढंच त्यांना सुचलं. आत जाऊन आईनेच सांगितलं, "आहे तसंच आहे म्हणाले. काळजी नको." मुलगा "बरं" म्हणाला. त्याने विश्वास ठेवला की नाही हे वडिलांना कळलं नाही, पण त्या संध्याकाळी तो नव्या कॉम्प्युटरच्या गोष्टी करू लागला. दोन वर्षांनी त्याच्या खेळाचा पुढचा भाग यायचा होता. तोवर तयारी हवी. ज्याला पुढची दोन वर्षं दिसतायत त्याला ती दिसू द्यावीत, असं दोघांनी एकमेकांशी न बोलताच ठरवलं.

"बाबा, आपल्याला फार महागाचा नकोच," मुलगा म्हणाला. "मदरबोर्ड मात्र नव्या पिढीचा बघा. बाकीचं काय, हळूहळू घालता येतं."

वडील जन्मभर पुस्तकांची बांधणी करत आले होते. दुकानात शिरताना त्यांना नेहमीच चोरासारखं वाटायचं, आणि इथे कॉम्प्युटरच्या दुकानात तर एकाही वस्तूचा उपयोग ठाऊक नव्हता. कॉम्प्युटर जोडून देणारी बाई हातात पेचकस घेऊन एका उघड्या कॅबिनेटमध्ये वाकली होती.

"बोला काका. कुणासाठी?"

"मुलासाठी. खेळायला."

त्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला. बाईने मान हलवली. "होईल एवढ्यात. फक्त एक सांगा. किती वर्षं चालायला हवा?"

हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. आपल्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तोच विचारला होता. शाळेचं पुस्तक एक वर्ष टिकलं तरी पुरे, त्याला नुसता डिंक लावून भागतं. शब्दकोश घरात पिढ्या काढणार, त्याला दोऱ्याची शिवण आणि कापडी कणा हवा. काही लोक उगाच ऐटीत परीक्षेच्या गाइडलाही शिवण मागायचे, तेव्हा वडील मनातल्या मनात चिडायचे. गिऱ्हाइकाने खरं सांगावं, एवढीच त्यांची अपेक्षा असायची.

"एक," ते म्हणाले. बाईने वर पाहिलं म्हणून पुढे म्हणाले, "दीड."

"दीड वर्षासाठी कोण कॉम्प्युटर घेतं हो? परदेशी चाललाय का मुलगा?"

"हो."

"मग सोपं झालं की. हा मागच्या पिढीचा बोर्ड घ्या. पुढे यात काही वाढवता येणार नाही, याचे नवे प्रोसेसर आता निघत नाहीत. पण वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालू, खेळातलं चित्र तेच हलवतं. पहिल्या दिवसापासून पळेल. नवा बोर्ड घेतलात तर कार्ड हलकं घ्यावं लागेल, आणि दीड वर्ष अडखळत खेळावं लागेल त्याला."

अडखळत, हा शब्द त्यांच्या मनात रुतला. मुलाने नवा बोर्ड सांगितला होता हे ते विसरले नव्हते. पण बोर्ड झाकणाच्या आत राहणार. वाचणारा काही पुठ्ठा उसवून शिवण बघत नाही.

"हाच द्या," ते म्हणाले.

बाईने घरी येऊन सगळं जोडून दिलं आणि ती गेली. आईने खुर्ची टेबलाशी आणली, मुलाचा हात उचलून माऊसवर ठेवला. "गिरणी बंद पडली म्हणायची," ती म्हणाली. खरंच, काही आवाज नव्हता. मुलगा हसत होता. अंगठा जरा हलवून त्याने पडद्यावर एक चौकट उघडली. आतल्या प्रत्येक भागाचं नाव तिथे लिहिलेलं होतं. असं काही असतं हे वडिलांना माहीत नव्हतं.

मुलगा वाचत गेला. मग त्याने चौकटीत मागे जाऊन एक ओळ पुन्हा वाचली.

"बोर्ड मागचा आहे, बाबा."

"हो का? त्या ताई म्हणाल्या, चांगला आहे."

"चांगलाच आहे. पण पुढे काही घालता येत नाही यात." त्याने चौकट बंद केली. "किती वर्षं चालायला हवा, असं विचारलं असेल ना त्यांनी? सगळेच विचारतात."

"अरे, दुकानात तोच शिल्लक होता," आई म्हणाली. बोर्ड म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं.

"आई, तू थांब. बाबांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्यांना विचारतोय."

वडील रिकाम्या खोक्याची चिकटपट्टी सोलत राहिले.

"दीड," अखेर ते म्हणाले.

"आधी एक म्हणाला असाल. मग दीड."

वडिलांनी मान डोलावली.

"आणि बोटं?"

"त्याआधी."

आई खाटेच्या कडेला बसली. मुलगा पडद्याकडे पाहत होता. "मग कार्ड जरा महागाचं झालं," तो म्हणाला. हसावं की नाही हे वडिलांना कळेना, आणि तोही हसला नाही.

तेवढ्यात स्पीकरमधून संघातल्या चौघांचा गलका आला. "कप्तान, आलास का? कसा आहे नवा गडी?"

"एकदम लोण्यासारखा," मुलगा म्हणाला. आवाज नेहमीचा होता. "ऐका, आजपासून तुमच्यातल्या एकाने पुढे राहायचं. मी मागून बघतो."

"का रे? आता तर रणगाडा मिळालाय तुला."

"सवय होऊ दे तुम्हाला."

ते आपसात भांडू लागले, कोण पुढे राहणार यावरून, एकमेकांच्या जुन्या चुका काढत. वडील पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या जाऊन बदलून आणतो. नवा बोर्ड घेऊ. त्या ताई देतील बदलून."

"नको बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही बरोबर तेच आणलंय."

लढाई सुरू झाली. चित्र कुठेही अडखळत नव्हतं. पहिल्याच वळणावर संघातला एक जण पडला, मग दुसरा, आणि उरलेले दोघे कप्तानाला हाका मारू लागले.