नायलॉनच्या मोज्यातलं बी

आधी मॅव्हिसला वाटलं, दोष डोळ्याचाच असणार. तिने काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज पाचवा दिवस. पण शेजारची विल्फची कोबी स्वच्छ दिसत होती, कुंपणावरची चिमणीसुद्धा दिसत होती. दिसत नव्हते ते फक्त गावच्या सामाईक मळ्यातल्या तिच्या प्लॉटवरचे लीकचे, म्हणजे कांद्याच्या जातीच्या भाजीचे, सहा दांडे. तिथे काळीभोर, उकरलेली, दाताळ्याने छान सारखी केलेली माती होती. कडेला पाटी रोवली होती, ‘आवार स्वच्छ ठेवू या.’

कोपऱ्यात राखेचा ढीग होता. मॅव्हिस काठी टेकत तिथवर गेली आणि काठीनेच तिने राख उकरली. आतून वितळून आक्रसलेला नायलॉनचा तपकिरी गोळा निघाला. तो तिचा लांब मोजा होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लीकचं बी धरायचं म्हणजे दोन वर्षांची साधना. पहिल्या वर्षी मांडीएवढा पांढराशुभ्र दांडा प्रदर्शनात मांडायचा. त्यातले सर्वांत देखणे सहा पुन्हा मातीत लावायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात ते पुरुषभर उंच वाढतात, टोकाला फुलांचा चेंडू धरतात. डरहमच्या या थंडीत ते बी ऑक्टोबरशिवाय काही पिकत नाही, आणि पिकलं की वाऱ्यावर सांडून जातं. म्हणून प्रत्येक चेंडूवर जुना लांब मोजा चढवायचा आणि सुतळीने बांधून टाकायचा. मॅव्हिसची आई असंच करायची. बरं, लीकचं बी दोन-तीन वर्षांपलीकडे उगवतही नाही. या सहांनंतर डोळ्यांपायी मॅव्हिसने नवी पेरणीच केली नव्हती, आणि घरातलं जुनं बी संपलं होतं. चाळीस वर्षं निवडून निवडून तिने जो वाण घडवला, तो सगळाच्या सगळा त्या सहा मोज्यांत होता. आणि हा वाण गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, कारण प्रदर्शनाच्या लीकचं बी आमच्याकडे कुणी कुणाला देत नाही. एक वेळ माणूस जेवणाचं ताट देईल, पण बी नाही.

“आलात का मिसेस कोलसन! कसा आहे डोळा?” प्लॉटधारकांच्या मंडळाचा नवा सेक्रेटरी नायजेल हसत हसत आला. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षांपूर्वी तो गावात राहायला आला होता. त्याच्या प्लॉटवर सगळं लाकडी पेट्यांत आणि पट्टी लावल्यासारखं सरळ. “बघा, कसं चकाचक झालंय! शनिवारी आम्ही दहा जण राबलो. म्हटलं, बाई दवाखान्यात आहेत, तेवढीच मदत.”

“माझे लीक कुठायत?”

“कुठले लीक? तिथे नुसते वाळलेले दांडे होते हो. दोन पत्रं पाठवली होती मी तुम्हाला, प्लॉट पडीक दिसतो म्हणून.”

“आणि मी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं की बी धरलंय. सांगितलं होतं की नाही?”

नायजेल जरा घुटमळला. “ते… म्हणजे बी असं काही दिसलं नाही. त्या दांड्यांवर तर… कुणीतरी…” त्याचे कान लाल झाले. “बायकांचे मोजे अडकवले होते. आम्हाला वाटलं, पोरांनी चावटपणा केलाय. तुमच्या अब्रूचा प्रश्न, म्हणून मी ते सगळ्यात आधी जाळले.”

“माझ्या अब्रूचा?” मॅव्हिसने काठी आपटली. “माझे मोजे होते ते! शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं उभं राहून फाडलेले! त्यांच्या आत बी होतं रे शहाण्या. भाजीचा प्लॉट म्हणजे काय तुझी बैठकीची खोली आहे? झाड पिकतं, वाळतं, तेव्हाच त्याला बी धरतं. आईच्या पोटातून आलास ना, की थेट दुकानातून आलास?”

“चिडू नका, मिसेस कोलसन. चूक झाली असेल तर भरून देतो मी. लीकचं बी मिळतं की.” त्याने जाकिटाच्या खिशातून चकचकीत पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. त्यावर लीकचं चित्र होतं, हिरवंगार आणि एकसारखं. “मीच पेरणार होतो. घ्या, नवीन जात आहे.”

मॅव्हिसने ते पाकीट घेतलं, नीट दुमडलं आणि त्याच्या जाकिटाच्या खिशात परत कोंबलं. “जा इथून,” ती म्हणाली. “माझ्या हातात काठी आहे.”

तो गेला. जाताना दाताळं मात्र आठवणीने घेऊन गेला.

हे सगळं विल्फ हेस्लप आपल्या कोबीत उभा राहून ऐकत होता. विल्फ म्हणजे मॅव्हिसच्या नवऱ्याचा, सिडचा, खाणीतला सोबती. लीकच्या प्रदर्शनात सिडला अकरा वेळा पहिला कप मिळाला, तेव्हा त्यातल्या नऊ वेळा दुसरा आलेला हाच. सिडला जाऊन सहा वर्षं झाली होती.

“चहा घेतेस का?” विल्फने खाली बघतच विचारलं.

“चहा घाल चुलीत. दहा जण होते म्हणे. तू होतास का त्यात?”

“नव्हतो. आणि असतो तरी… तू आत ये गं. तुला काही दाखवायचंय.”

त्याच्या शेडमध्ये कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. विल्फने फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला आणि झाकण उघडून तिच्यापुढे सरकवला. आत नायलॉनचा लांब मोजा होता, सुतळीची गाठ तशीच. त्यातला गोल चेंडू खडखडीत वाळलेला.

मॅव्हिस बघतच राहिली. मग तिला कळलं.

“चोरलास?”

“हो.”

“कधी?”

“तू दवाखान्यात गेलीस त्या दिवशी. म्हटलं, सहांतला एक गेला तर हिला काय कळतंय, एका डोळ्याने.”

“विल्फ हेस्लप! ब्याऐंशी वर्षांचा झालास! लाज नाही वाटली?”

“वाटली ना. म्हणून तर अजून उघडला नाही.” तो बाकावर बसला. “तीस वर्षं मागत होतो. तुझ्याकडे मागितलं की तू म्हणायचीस, सिडला विचार. सिडला विचारलं की तो म्हणायचा, मला काय विचारतोस, बी मॅव्हिसचं आहे. मी नुसता मांडायला नेतो.”

“सिड असं म्हणायचा?”

“क्लबात सगळ्यांना म्हणायचा. तुझा वाण होता हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं.”

मॅव्हिसने टेबलाची कड धरली. लीक क्लबात तेव्हा बायकांच्या नावाने काही मांडायची सोय नव्हती. पेरायचं तिने, खणायचं तिने, थंडीत उठून गोणपाट पांघरायचं तिने, आणि कपावर सिड कोलसन. सिड वाईट नव्हता. पण इतकी वर्षं तिला वाटत होतं, लोकांना माहीतच नसेल, मग त्यांना तरी काय बोल लावायचा? ती समजूत आत्ता, या कांद्याच्या वासात, गेली.

“ठाऊक होतं?” तिचा आवाज चिरकला. “सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अकरा वेळा बसून टाळ्या वाजवल्यात? मी तिथेच मागे सँडविच कापत उभी होते, विल्फ! एकाची जीभ वळली नाही? त्या नायजेलला तरी काय बोलू मी? तो निदान परका आहे, त्याला काही कळत नाही. तुम्हाला कळत होतं!”

विल्फने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मॅव्हिसने डोळे पुसले. डॉक्टरांनी चोळायला मनाई केली होती म्हणून नुसते टिपले. मग तिने बाह्या सारल्या. “ताटली दे.”

तिने सुतळी सोडली, चेंडू ताटलीवर धरून तळव्यांनी चोळला. काळं, कोनाकोनांचं बी तडतडत पडलं. ताटली तिरकी धरून तिने हलकी फुंकर मारली, तशी टरफलं उडून विल्फच्या स्वेटरवर बसली. त्याने ती झटकली नाही. एकच चेंडू, पण दाणा भरलेला होता. तिने चिमटीत धरून दाताखाली एक दाबून पाहिला आणि मान हलवली.

“पाकीट आहे?”

विल्फने जुनी तपकिरी पाकिटं काढली आणि कानावरची सुताराची पेन्सिल घेतली. “काय लिहू?”

“तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं ते लिही.”

विल्फने सावकाश, शाळेतल्या पोरासारखं, एकेक अक्षर काढलं. मॅव्हिसने काळा चष्मा काढला, पाकीट हातभर लांब धरलं आणि नव्या डोळ्याने वाचलं. मॅव्हिस कोलसनचा लीक. तिने ते दोनदा वाचलं. मग ताटलीतलं अर्धं बी त्यात ओतून तोंड दुमडलं.

उरलेलं अर्धं ताटलीतच होतं. तिने ताटली विल्फकडे सरकवली.

“मला? आणि… मग या पाकिटावर?”

“त्याच्यावरही तेच.”

विल्फने दुसरं पाकीट पुढे ओढलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहायला बसला.