फुकटचा रविवार

घड्याळजींनी अडतीस वर्षं एकाच परदेशात बनलेली घड्याळं दुरुस्त केली. दुकान एवढंसं, गिऱ्हाईक उभं राहिलं की दार अडायचं. एखादं जुनं घड्याळ उघडलं, की डोळ्याचं भिंग न काढता ते बायकोला हाक मारायचे. "बघ, ही केसाएवढी स्प्रिंग माणसानं हातानं बसवलीय. कशी बसवली असेल?" तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

साठी उलटल्यावर त्यांनी त्या देशात जायचं ठरवलं. एका कारखान्यात म्हणे काचेपलीकडे बसून कारागीर घड्याळ जुळवतात आणि आपल्याला बघू देतात. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. "तिथे पाणी प्यायचं तरी खिसा चाचपावा लागतो," मेहुणा म्हणाला. झालं, घड्याळजी इरेला पेटले. कारखाना बघणं राहिलं बाजूला, मेहुण्याची जिरवणं मुख्य झालं.

आठ दिवस दोघं चौथ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या खोलीत राहिली. चहाच्या किटलीत अंडी उकडली, कपडे बेसिनमध्ये धुतले. ट्राम समोरून जायची आणि ही दोघं तिच्या रुळांच्या कडेनं चालायची. बायकोचे गुडघे तिसऱ्या दिवशीच बोलायला लागले. तलावावर बोट दिसली तेव्हा ती म्हणाली, "माझे शिवणाचे पैसे आहेत. मी काढते तिकीट."

"पैसे तुझे असले म्हणून उधळपट्टी चालते का? बोटीतून जे दिसतं, तेच काठावरून दिसतं." आणि ते पुढे चालू लागले.

सगळा बेत एका रविवारभोवती बांधला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी कारखाना फुकट असायचा. सोमवारी पहाटेचं विमान, सगळ्यांत स्वस्त, तारीख न बदलणारं.

रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. वाटेत तिला समजावत होते, कोणता कारागीर काय करत असेल ते. ती खूश झाली. इतकं मोकळं ते आठ दिवसांत बोललेच नव्हते.

काचेपलीकडे लांबलचक टेबल होतं. बारा रिकामी स्टुलं. हत्यारांवर करडं कापड पसरलेलं.

घड्याळजींनी गणवेशातल्या मुलीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "कारागीर कुठे आहेत?"

"रविवारी त्यांना सुट्टी असते. उद्या या."

"पण आज उघडं आहे ना?"

"म्हणून तर फुकट आहे," ती सरळपणे म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

ते काचेला नाक लावून उभे राहिले. बराच वेळ. बायकोनं विचारलं, "शुक्रवारी आलो असतो तर किती पडले असते?"

त्यांनी आकडा सांगितला. अगदी पैशापर्यंत पाठ होता.

"तेवढे होते माझ्याकडे."

"मग म्हणायचं होतंस."

"बोटीच्या वेळी म्हटलं होतं."

ती जिना उतरून खालच्या कॅफेत गेली आणि बोटांनी दाखवून दोन कॉफ्या मागवल्या. ते मागोमाग आले, फलकावरचा भाव वाचला आणि "मला नको" म्हणून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. तिनं दोन्ही कप संपवले. दुसरा गार झाला होता, तरी.

परतल्यावर दुकानापुढे गर्दी जमली. "काय हात एकेकाचे!" घड्याळजी सांगत होते. "श्वास रोखून काम करतात." मेहुण्यानं खर्चाचा आकडा ऐकला आणि त्याचं तोंड खरंच पडलं. महिन्याभरात ओळखीचं एक जोडपं तिकडे निघालं, तेव्हा घड्याळजींनी त्यांना सगळा बेत सुवाच्य अक्षरात लिहून दिला. रविवारी कारखाना, फुकट.

ती दोघं आभार मानून गेल्यावर बायको म्हणाली, "तो रविवार तरी खोडायचा होतात."

"खोडला असता तर 'का खोडला?' म्हणून विचारलं असतं त्यांनी."

बायको शिवायला घेतलेल्या झग्याची बाही उसवून ती पुन्हा लावायला बसली.