काकू बोलत होत्या, मी तरंगत होते

मी एक कयाक. एकट्या माणसाने बसायची, लांबट, शेवाळी रंगाची होडी. पाण्यावरूनच बोलतेय, त्यामुळे आवाज जरा डुलेल. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीत झाला. प्लॅस्टिकची भुकटी लोखंडी साच्यात भरली, साचा भट्टीत घातला आणि गोल गोल फिरवत ठेवला. म्हणजे जगात यायच्या आधीच मला घेरी आली होती. बाहेर काढल्यावर एका कामगाराने माझ्या कडा घासल्या, पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, तरंग." माझ्या वाट्याला आलेला हा पहिला आशीर्वाद.

पहिला मालक व्यायामशाळेत शिकवायचा. दोन रविवार त्याने मला पाण्यात नेलं, भरपूर फोटो काढले, आणि मग मी त्याच्या गच्चीवर पालथी पडले. माझ्यावर आधी टॉवेल वाळू लागले, मग चादरी, मग पायपुसणीसुद्धा. तरी कुणी विचारलं की तो ऐटीत सांगायचा, "आपल्याकडे होडी आहे." वस्तू वापरण्यापेक्षा ती आपल्याकडे असण्याचंच सुख माणसांना जास्त, हे मला तिथे कळलं.

एक दिवस त्याच्या आईचा नवा चष्मा घरपोच द्यायला चष्म्याच्या दुकानाचे मालक आले. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या नाकावर चष्मा नीट बसवता बसवता त्यांचं लक्ष ओल्या चादरीखाली गेलं.

"ही पाण्यातली वस्तू आहे ना हो?"

"आहे खरी. पण पोरगा कुठला नेतोय! तुम्हीच घेऊन जा, गच्ची तरी मोकळी होईल."

अशी मी चष्मेवाल्या काकांकडे आले.

काकांना मासे धरायचा नाद होता. खायचा नाही, फक्त धरायचा. गावाबाहेर जुन्या पिठाच्या गिरणीमागे एक तळं होतं. थंडी सरली की काका मला गाडीच्या टपावर बांधून तिथे नेत. त्या दिवसांत पाणी काठाकडून कोमट होऊ लागतं. झाडांवर इवली इवली पालवी असते, आणि पाण्यावर परागांची पिवळी साय धरलेली असते. मी त्या सायीतून गेले की मागे एक काळी रेघ उमटायची आणि हळूच मिटून जायची. उथळ पाण्यात मासे अंडी घालायला येत. काका वल्हं मांडीवर आडवं ठेवून गळ टाकत आणि वाट पाहत बसत. मासा लागला की त्याला ओल्या हातांनी धरून गळ सोडवत, "जा, घरी वाट बघत असतील," म्हणत आणि सोडून देत. किती वसंत असे गेले, मोजले नाहीत. मला तर ती एकच लांबलचक सकाळ वाटते.

मग काकांना काचबिंदू झाला. आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासलेला माणूस, आणि त्यालाच नळीतून पाहावं तसं दिसू लागलं. समोरचा ठिपका तेवढा दिसे, बाजूचं सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही.

काकू बसस्टँडवर उद्घोषणा करायच्या. तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गावाला कुठली गाडी कुठे लागली ते सांगितलं. घरी मात्र बोलणं जेवढ्यास तेवढं. काका थट्टेने म्हणत, "हिचे शब्द स्टँडवरच संपतात." त्या दिवशीही डॉक्टरांकडून आल्यावर त्या एवढंच बोलल्या, "तळ्यावर एकट्याने जायचं नाही." काकूंना पाण्याची भयंकर भीती. घोट्यापलीकडे त्या कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. तरी पुढच्या वसंतात त्या काठावर घडीची खुर्ची टाकून बसल्या. माझ्या मागच्या कडीला निळी नायलॉनची दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. एक हिसका म्हणजे परत या. दोन हिसके म्हणजे चहा ओतलाय. मांडीवर शब्दकोडं आणि मनगटाला नवरा, असा तो संसार चालला होता.

एका सकाळी तळ्यावर धुकं उतरलं. आम्ही पाण्यात शिरलो तेव्हा विरळ होतं, मग इतकं दाटलं की माझं टोक मलाच दिसेना. नेमका तेव्हाच मोठा मासा लागला. त्याने मला सरळ ओढायला सुरुवात केली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दोरी पाण्याखालच्या एका खोडात अडकली, घासली आणि तुटली. काकांनी गळाचा दोरा कापून मासा सोडला, मागे हात घातला, तर कडीला हातभर दोरी उरलेली.

तळ्याच्या एका टोकाला सांडवा होता. तिथून पाणी दोन पुरुष उंचीवरून खाली दगडांवर पडायचं. त्याचा आवाज धुक्यात चहूकडून येत होता. कुठे वळावं तेच कळेना. पाणी मला हलकेच एका बाजूला नेत होतं, आणि ती बाजू कुठली हे मला ठाऊक होतं. मला फक्त सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला. अगदी स्टँडवरचा, खणखणीत.

"लक्ष द्या! हिरव्या होडीतल्या गृहस्थांनी माझ्या आवाजाच्या दिशेने यावं! आवाज थांबणार नाही!"

काकांनी वळून जोरात वल्हं मारलं. काकू बोलतच होत्या. आधी त्यांनी सगळ्या गाड्यांची नावं ओळीने म्हटली. ती संपल्यावर काकांना फैलावर घेतलं, टोपी विसरण्यापासून ते लग्नात उशिरा पोचण्यापर्यंत. सांडवा मागे पडत गेला. माझ्या पोटाला लव्हाळी लागली. काठ वीस हातांवर आला होता, काकांना ते माझ्याइतकंच कळलं होतं. आणि तिथे त्यांनी वल्हं थांबवलं.

"तुम्ही नसलात तर मी बोलणार कोणाशी?" धुक्यापलीकडून काकू म्हणत होत्या. "म्हणजे बोलत नाहीच मी, ते सोडा. पण न बोलता तरी कोणासमोर बसणार? त्या दिवशी डॉक्टरांकडून आलो, तुम्हाला वाटलं असेल, हिला काहीच वाटलं नाही. मी नळ सोडून न्हाणीघरात बसले होते. दोन बादल्या वाहून गेल्या. ऐकताय ना?"

काका ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपकन माझ्यावर पडलं. तळ्याच्या पाण्याहून ते कितीतरी कोमट होतं.

मग समोर पाणी ढवळल्याचा आवाज आला. एक पाऊल, आणखी एक. काकू आत येत होत्या.

"अगं, थांब! आलो, आलो मी!"

कंबरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या काकूंनी माझं टोक दोन्ही हातांनी गच्च धरलं. "कधीचे इथे आहात?"

"आत्ताच आलो."

"खोटं," काकू म्हणाल्या आणि मला काठाकडे ओढू लागल्या.

त्यानंतर काकू खुर्चीवर बसल्या नाहीत. माझ्या पुढच्या भागात सामान ठेवायची खोलगट जागा आहे, तिथे जुनी उशी टाकून त्या काकांकडे तोंड करून बसतात. लाइफ जॅकेटचे पट्टे दहा वेळा तपासतात. काकांचा तो समोरचा ठिपकाही आता विझलाय. म्हणून काकू सांगतात आणि काका वल्हं मारतात.

"उजवीकडे फांदी, वाका. पालवी फुटलीय, अजून पोपटी आहे. कासव होतं, बुडालं."

दोघांच्या वजनाने मी पाण्यात जरा खोल बसते. उन्हाने माझा रंग उडालाय, तळाला एक बारीक चीर पडू पाहतेय. माझं एकच मागणं आहे: चीर मोठी झाली की मला सांधा, पण पुन्हा गच्चीवर नेऊन टाकू नका. मला अजून ऐकायचंय.

काल तळं अगदी रितं होतं. मासा लागत नव्हता, पक्षी नव्हता, वाराही नव्हता. काकांनी विचारलं, "आज काय दिसतंय?" काकूंनी चहूकडे नजर फिरवली. मग म्हणाल्या, "हंस आलेत. सहा आहेत. डावीकडे, अगदी जवळ."

मी पाहिलं. तिकडे नुसतं पाणी होतं.

काकांनी मान तिकडे वळवली, आणि हंस बुजू नयेत म्हणून वल्हं अलगद उचलून धरलं.