कुंडीतलं लिंबू

"बाबा, हे काय केलंत?"

हिमानी कोटही न काढता खिडकीपाशी थबकली. कुंडीतल्या लिंबाला एकही पान उरलं नव्हतं. बुंधा मात्र पांढराफटक.

"चुना लावला," पुरुषोत्तम म्हणाले. "थंडीत आत आणल्यापासून पानं पिवळी पडत होती. आमच्याकडे आंब्याला, माडाला लावायचे."

"आणि मातीत?"

"उरला होता थोडा. वाया कशाला घालवायचा?"

"ओ गॉड, बाबा! सिट्रसला नाही चालत तो. यू किल्ड इट."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण झाड गेल्याचं पुरुषोत्तमांना आधीच कळून चुकलं होतं.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलजवळच्या एका गावाच्या पाणीपुरवठ्यात त्यांनी सारी नोकरी चुना घालून जड पाणी मऊ करण्यात घालवली. इंग्रजीत चुनाही लाईम आणि लिंबूही लाईम, म्हणून नीना नवऱ्याला चिडवायची, "अहो, तुमचं लाईम गावाला, माझं घराला!" बीपासून तिनं वाढवलेल्या या झाडाला ती असेपर्यंत फळ धरलं नाही. ती गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यात एक धरलं, एकच. तिच्या वर्षश्राद्धाच्या पानात हे लिंबू वाढायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी तेव्हापासूनचे दिवस काढले होते. आणि चुन्यात जन्म गेलेल्या माणसानं चुन्यानंच घात केला. स्वतःचा इतका संताप त्यांना कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध. हिमानीनं दुकानातली लिंबं आणली होती. तिनं पान वाढलं, डावीकडे रसरशीत फोड ठेवली आणि हाक मारली, "बाबा, या ना. पाणी फिरवायचंय."

बाबा कुंडीशी उकिडवे बसून ओल्या फडक्यानं बुंध्यावरचा चुना पुसत होते. बाहेर बर्फ पडत होता.

"आता काय उपयोग त्याचा?"

"ती जेवायला येईल ना," ते म्हणाले. "तिला दिसायला नको."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पानाशी आले आणि खिशातून सुपारीएवढं, गळून सुकलेलं लिंबू काढलं. तिनं आपणहून दुकानातली फोड उचलली. त्या जागी त्यांनी ते लिंबू ठेवलं आणि पानाभोवती पाणी फिरवलं. नखांतला चुना अजून गेला नव्हता.