हिरव्या बाह्या

टेलरमास्तरांचे हात अजून स्थिर होते, पण मोतीबिंदूमुळे रंगांची गल्लत व्हायची. गडद निळा आणि गडद हिरवा त्यांना सारखेच दिसत. म्हणून अठराव्या शतकातल्या फ्रेंच वसाहतींच्या पायदळाचे शिशाचे बोटभर शिपाई छंद म्हणून रंगवताना ते मेहुण्याला हाक मारत, "अरे, निळी बाटली दे रे." मेहुणा लगेच बाटली पुढे करायचा. मग राखाडी कोटांच्या बाह्यांची टोकं मास्तर श्वास रोखून रंगवत. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतही त्यांनी कधी एवढा जीव ओतला नव्हता.

प्रदर्शनात त्यांच्या टेबलाभोवती गर्दी जमली तेव्हा मास्तर फुलून गेले. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "यांच्या बाह्या हिरव्या कशा हो? निळ्या असतात ना?"

मागे उभ्या मेहुण्याला हसू आवरेना. "भाऊजी, महिनाभर हिरवाच देत होतो! म्हटलं, कधीतरी ओळखाल."

सगळे खो खो हसले. ओशाळून मास्तरही हसले.

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "तू रोज बघत होतीस. तू तरी सांगायचंस."

"सांगणार होते," ती भाजी निवडत म्हणाली. "पण रंगवताना तुम्ही तासन्‌तास गप्प बसायचात. घरात किती बरं वाटायचं."

मास्तरांनी शिपाई खोक्यात भरून माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले आणि अखंड बोलू लागले. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली, की खुर्ची उचलून तेही मागोमाग जात.