अँटेनाच्या बुडाखाली तीन हात

एक रंगारी इतरांच्या गाड्या रंगवून थकला, तेव्हा कुठे अकरा वर्षांनी त्याला स्वतःच्या मोटारीसाठी सवड मिळाली. मग मात्र त्याने हात आखडता घेतला नाही. पुढच्या काचेच्या वर, टपावर बसवलेली अँटेना काढून तिच्या बुडाखालीसुद्धा लाल रंगाचे तीन हात मारले. कोण बघायला येणार होतं तिथे? पण हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं.

त्या दिवशी पाच वाजता त्याची बायको पहिल्यांदाच रेडिओवर रस्त्यांची खबर वाचणार होती. सकाळपासून ती तेच तेच वाक्य म्हणून बघत होती. "तू ऐकतोयस एवढं माहीत असलं की वाचेन मी," ती म्हणाली.

"पहिल्या शब्दापासून ऐकतो!" त्याने छातीठोकपणे सांगितलं.

सासूबाईंना रेल्वे स्टेशनवरून घेऊन तो घराकडे निघाला. अंगणात खणखणीत वाजणारा रेडिओ जाताना वस्ती मागे पडताच खरखरू लागला होता, आता परतताना पुलावर पार मुका झाला. पाचला बारा मिनिटं होती. रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंची सगळी हयात रेडिओदुरुस्तीत गेलेली. "गाडी कडेला घ्या. जावईबापू, अँटेनाखाली रंग फासलात?"

"तीन हात!"

"धन्य आहात. अहो, ही काडी म्हणजे निम्मी अँटेना, उरलेली निम्मी हा टप. बूड पत्र्याला टेकायला नको? तुमच्या अंगणाशेजारीच रेडिओचा टॉवर, म्हणून तिथे निभावलं."

बोलता बोलता त्या पान्हा घेऊन बॉनेटवर चढल्याही. काडी निघाली. रंगाऱ्याने काळजावर दगड ठेवून पॉलिश पेपरने स्वतःचाच रंग खरवडला आणि सासूबाईंनी काडी पुन्हा घट्ट बसवली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

पाचच्या ठोक्याला आवाज आला. स्वच्छ, पण थरथरता. "पुलावर... पुलावर वाहतूक मंदावली आहे. तिथे एक लाल मोटार उभी असून, हातात पान्हा घेतलेल्या एक वयस्क बाई बॉनेटवर..."

आवाज थांबला. रंगाऱ्याने घाईने रेडिओ मोठा केला.

मग रेडिओतून खुदकन हसू आलं, आणि पाठोपाठ तिचा नेहमीचा, घरातला ठसकेबाज आवाज. "...चढल्या आहेत. वाहनचालकांनी सांभाळून जावं. आणि त्या बाईंनी आधी खाली उतरावं!"

रंगाऱ्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. सासूबाई काही उतरल्या नाहीत. खबर संपेपर्यंत बॉनेटवर ऐटीत बसून त्या जवळून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगत होत्या, "माझी लेक आहे ती!"