फक्त हिवाळे पाहिलेली टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे, पण मला साधीसुधी समजू नका. रशियाच्या फौजेत कर्नल आणि जनरल एवढ्यांच्याच डोक्यावर माझ्यासारखी टोपी बसायची. तिकडे आम्हाला पापाखा म्हणतात. उंच, राखाडी, अंगभर बारीक कुरळ्या लोकरीची नक्षी.

आधीच सांगून ठेवते, माझी हकीकत ऐकताना तुमचा थोडा गोंधळ होईल. माझाही झालेला आहे. त्याला कारण आहे. मी हिवाळ्याची टोपी. थंडी पडली की कपाटातून बाहेर, बर्फ वितळलं की डांबराच्या गोळ्यांसोबत परत आत. त्यामुळे माझ्या जनरलसाहेबांची अर्धीच कारकीर्द मला ठाऊक आहे. उरलेली अर्धी उन्हाळ्यात घडली, आणि मला आता संशय येतो की जगातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी उन्हाळ्यातच उरकत असाव्यात.

माझी पहिली आठवण शिंप्याच्या टेबलाची. त्याआधी मी कुठे होते, काय होते, ते मला ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. शिंप्याने मला आतून रेशमी अस्तर लावलं, वर राखाडी कापड, पुढे ताऱ्याचा बिल्ला. मग येगोर सेम्योनोविच आले. तेव्हा ते नुकतेच कर्नल झाले होते. त्यांनी मला डोक्यावर ठेवलं आणि आरशात बराच वेळ बघितलं. रस्त्यावर आलो तर समोरून येणारी माणसं एकदम ताठ. टाचा जुळवायची, हात कपाळाला न्यायची. मला वाटलं, मलाच सलाम करतायत. साहेबांनाही बहुधा तसंच वाटत होतं.

मग कपाट. पुढच्या थंडीत बाहेर आले तर शहर वेगळं, घर वेगळं, आणि साहेबांच्या कानामागे एक जखमेचा व्रण. कुठे गेला होतात, काय झालं, असं टोपीने विचारायचं नसतं. त्यानंतर मात्र दोन हिवाळे मला कुणी बाहेरच काढलं नाही. काढलं तेव्हा साहेबांचं कपाळ उन्हाने रापलेलं होतं. कुठल्याशा डोंगराळ देशातल्या लढाईवरून आले होते म्हणे. दार आपटलं तरी त्यांची मान दचकायची, आणि मी वरच्या वर हलायचे. त्याच हिवाळ्यात माझं वरचं राखाडी कापड उसवून तिथे लालभडक कापड आणि सोनेरी फीत शिवली. साहेब जनरल झाले होते. लढाईत काय केलं म्हणून झाले, ते मला आजही सांगता यायचं नाही. लाल रंग मात्र मला शोभून दिसला. सगळे म्हणायचे.

आता खरा गोंधळ ऐका. एका वसंतात मी एका देशाची टोपी म्हणून कपाटात गेले. पुढच्या हिवाळ्यात बाहेर आले, तर शहर तेच, साहेब तेच, घरातला चहासुद्धा तोच. पण सगळ्यांचे आवाज खाली आलेले. मग एके दिवशी साहेब मला घेऊन म्हाताऱ्या शिंप्याकडे गेले आणि ताऱ्याचा बिल्ला काढून दुसरा लावायला सांगितला.

शिंपी म्हणाला, “आता हा का?”

साहेब म्हणाले, “देश बदलला.”

“कुठे गेला?”

“गेला नाही कुठे. इथेच आहे. नाव बदललं, झेंडा बदलला.”

“तुम्ही जनरलच ना पण?”

“हो,” साहेब म्हणाले. मग नव्या बिल्ल्याकडे बघून म्हणाले, “आहे बहुतेक.”

शिंपी म्हणाला, “साहेब, मला तेवढं भोक कुठे पाडू ते सांगा.”

त्यानंतर फर्मान निघालं की फौजेत अशा टोप्या बंद. कितीतरी हिवाळे मी कपाटातच काढले. मग पुन्हा फर्मान आलं की अशा टोप्या परत सुरू. पण तोवर साहेब निवृत्त झाले होते. घरातल्या घरात, पायात नुसते मोजे, अशा अवस्थेत ते मला कधी कधी घालायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. बाहेरून जाणारं कुणी ताठ व्हायचं नाही. एका हिवाळ्यात कपाट उघडलं ते त्यांच्या मुलीने. तिने डोळे पुसले आणि कोट, मफलर, मला, सगळं एका पोत्यात भरून जुने कपडे नेणाऱ्या गाडीत दिलं.

पुढे जहाज, बंदर, मोठमोठे गठ्ठे. स्वेटरांच्या खाली दबून माझं पार भाकरीसारखं झालं. आणि एक दिवस गठ्ठा फुटला तो तळोद्यात.

तळोदा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी बाजाराचं गाव. जीपगाड्या डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं भरून आणतात आणि सामान भरून परत नेतात. तिथे हुकमीचंद शेठचं दुकान. थंडीत घोंगड्या आणि जुने गरम कपडे, पावसाळ्यात ताडपत्र्या. राजस्थानातून आलेलं जैन घराणं. मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणारी माणसं. शेठनी आयुष्यात चामड्याचा पट्टा बांधलेला नाही, पायात रेक्झिनच्या चपला.

पण दुकान आता मुलाच्या हातात होतं. अरिहंत गल्ल्यावर बसायचा, मोबाइलवर माल मागवायचा, भाव ठरवायचा. शेठ दाराजवळच्या स्टुलावर. गिऱ्हाइकाने शेठला भाव विचारला की शेठ अरिहंतकडे बघायचे, आणि मग गिऱ्हाईकही शेठकडे बघायचं सोडून द्यायचं.

गठ्ठ्यातून मला शेठनीच उचललं. आत मूठ घालून आकार दिला, टकलावर ठेवलं. दुकानात रायसिंग होता. वरच्या पाड्यावरचा शेतकरी, दरवर्षीचं गिऱ्हाईक. त्याने शेठला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कडक सलाम ठोकला.

“जनरल शेठ, घोंगडी दाखवा ना हो.”

दुकान हसलं. शेठही हसले, पण स्टुलावरून उठले, घोंगडी स्वतः काढली, आणि भाव स्वतः सांगितला. अरिहंतकडे न बघता. मला ते डोक्यावरून स्पष्ट दिसलं.

त्या दिवसापासून मी शेठची झाले. सकाळी स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी जाताना मी, दुकानात मी. थंडी संपली तरी मी. मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा उन्हाळा पाहिला तो तळोद्यात, आणि तोही शेठच्या घामाच्या धारांमधून. नोजीबाई, म्हणजे शेठच्या पत्नी, म्हणायच्या, “अहो, डोकं शिजेल. काढा ते.” शेठ म्हणायचे, “सवय झाली.” पण कारण बाईंना ठाऊक होतं. बाजारातून ‘जनरल शेठ’ अशी हाक आली की नवरा दोन बोटं उंच होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो उंच झालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. म्हणून त्या फार बोलल्या नाहीत.

मग पाऊस आला आणि पर्युषण, म्हणजे जैनांचं उपवासाचं पर्व, जवळ आलं. पर्युषण लागण्याआधी घरातलं सगळं धुऊन काढायची नोजीबाईंची पद्धत. चादरी झाल्या, पडदे झाले, आणि शेठ जेवायला बसलेले पाहून त्यांनी खुंटीवरून मला काढलं, साबण लावला आणि बादलीत बुडवलं.

इतक्या वर्षांत मला बर्फ लागलं होतं, घाम लागला होता, पण पाणी असं आतपर्यंत कधी गेलं नव्हतं. अस्तर सुटलं. आणि मला माझाच वास आला. दुधाचा. धुळीचा. कुणाच्या तरी उबदार पोटाचा. मी घाबरून गेले. हा वास माझा कसा?

नोजीबाईंनाही तो आला. त्यांनी मला उलटं केलं, सुटलेल्या अस्तराखाली बोट फिरवलं. बोट थांबलं. ते विणलेलं नव्हतं. ते कातडं होतं. दुधाचा वास येणारं, जेमतेम जन्मलेल्या कोकराचं.

त्यांनी हात धुतले. मग मला फडक्यात गुंडाळून मागच्या ओसरीत, बंब ठेवतात त्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

पर्युषणाचे आठही दिवस बाईंचा उपवास, फक्त उकळलेलं पाणी. शेठ रोज विचारायचे, “टोपी कुठाय?”

“वाळतेय.”

“अजून?”

“पाऊस आहे ना.”

आत कोपऱ्यात मी हे ऐकायचे. बाईंचा जीव कशात अडकला होता ते मला कळत होतं. सांगितलं, तर नवरा पुन्हा स्टुलावरचा माणूस होणार. नाही सांगितलं, तर तो मला घालून पुन्हा स्थानकात जाणार. आणि पर्युषणाच्या शेवटच्या, संवत्सरीच्या दिवशी जैन माणूस जगातल्या सगळ्या जीवांची माफी मागतो. एक गोष्ट लपवून ती माफी कशी मागायची?

संवत्सरीचा दिवस उजाडला. दुकान बंद होतं. दुपारी शेठ घराच्या ओट्यावर बसले होते, अरिहंत दारात मोबाइल बघत उभा. तेवढ्यात रायसिंग आला, डोक्यावर गोणपाटाची खोळ.

“जनरल शेठ, ताडपत्री पाह्यजे व्हती. दुकान बंद शे का?”

“आज संवत्सरी रे. उद्या ये.”

“मग पाऊस थांबस तवलोंग बसस.” तो ओट्याच्या कडेला टेकला.

नोजीबाई मला घेऊन बाहेर आल्या. परक्या माणसासमोर त्या बोलल्या नसत्या, पण उपवासाने त्यांच्यात थांबायचं बळ उरलं नव्हतं.

“ऐका. ही नुसती लोकर नाही. कातडं आहे. कोकराचं.”

शेठ म्हणाले, “लोकरच आहे. अख्खा जन्म लोकर विकली मी.”

“विकली. आतून बघितली का कधी?” त्यांनी मला उलटं करून धरलं.

शेठनी बघितलं. हात लावला नाही. रस्त्यावरून एक जीप गेली, पाणी उडालं.

“मी ही घालून स्थानकात गेलो,” शेठ म्हणाले. “तिथल्या साध्वींसमोर, महासतीजींसमोर वाकलो.”

अरिहंत म्हणाला, “पप्पा, झालं ते झालं. ही ओरिजनल आहे. नेटवर टाकतो, एखादा शौकीन सहज घेईल. घरातूनही जाईल.”

“विकायची नाही.”

“तुम्हाला कळत नाही, पप्पा...”

“नाही कळत,” शेठ म्हणाले. “पण विकायची नाही.”

अरिहंतने मोबाइल खाली केला. बापाकडे बघितलं. मग म्हणाला, “बरं. मग काय करायचं?”

मित्रांनो, हा प्रश्न त्या घरात शेठना कुणी विचारल्याला फार दिवस झाले असावेत. कारण शेठ आधी मागे वळून बघायला लागले, की कुणाला विचारतोय. मग त्यांनी मला बाईंच्या हातातून घेतलं, ओट्यावर समोर ठेवलं आणि हात जोडले. “मिच्छामि दुक्कडम्,” ते म्हणाले. कळत-नकळत तुला दुखावलं असेल तर माफ कर, असा त्याचा अर्थ. उघड्या टकलावर पावसाचे थेंब पडत होते. नोजीबाईंनीही हात जोडले.

मला आजवर सलाम पुष्कळ मिळाले. माफी कुणी मागितली नव्हती. आणि मला कळेना, ती घ्यायची कुणी? टोपीने, की त्या कोकराने? कोकरू मी होते म्हणावं, तर मला काही आठवत नाही. नव्हते म्हणावं, तर तो दुधाचा वास कुणाचा?

रायसिंग खाकरला. “शेठ, फेकनार व्हशात तर माले द्या. मक्यावर पोपट तुटी पडतंस. बुजगावनाले टोपी पाह्यजे.”

नोजीबाईंनी विचारलं, “पक्षी मरतील का?”

“मरतीन कशाले? उडी जातीन. नहीतर उडनार बी नहीत.”

“कातडं आहे ते. पाप लागेल हं.”

“आमना ढोलले बी कातडंच शे, बाई. होळीले वाजस तवय तुम्ही बी आयकतस ना?”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड नेलं. मग म्हणाल्या, “मी देत नाही हं. मी ओट्यावर ठेवलंय. उचलायचं ते तू उचल.”

रायसिंगने शेठकडे बघितलं. शेठनी होकाराची मान हलवली. रायसिंगने मला उचललं, खोळीखाली घेतलं, आणि पावसातच जीप गाठली. जाताना त्याने शेठना सलाम केला नाही. “चला, येस मी, काका,” एवढंच म्हणाला. शेठ म्हणाले, “उद्या ताडपत्री न्यायला ये. भाव मी लावून देतो.”

आता मी मक्याच्या शेतात आहे, एका काठीवर. खाली रायसिंगचा फाटका सदरा. माझी ही शेवटची नेमणूक असावी. पोपट पहिले दोन-तीन दिवस लांब राहिले, नंतर माझ्या लाल माथ्यावरच बसून कणीस सोलू लागले. रायसिंगची बायको फुलीबाई बांधावरून म्हणते, “ही टोपी काय कामनी नही.” पण काढून टाकत नाही. मला ऊन लागतं, पाऊस लागतो, गुरांच्या घंटा ऐकू येतात. उन्हाळ्यापावसाळ्यात इतकं काही चालू असतं, हे मला कपाटात कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. एखादी वस्तू आवडली, मानाची वाटली, तर डोक्यावर ठेवण्याआधी ती एकदा उलटी करा. आतून बघा. ती कशाची आहे, कुणाची होती, तिच्यासाठी कुणाचं काय गेलं, ते विचारा. मग वापरा, जपा, नाहीतर सोडून द्या. पण विचारा. मला घालणाऱ्यांनी विचारलं नाही, म्हणून मलाही कळलं नाही.

फुलीबाईच्या शेळीला परवा पिलू झालं. ते अजून पायांवर नीट उभं राहत नाही. पण दुपारी आई चरत लांब गेली की ते धडपडत माझ्या काठीखाली येतं, वर बघतं आणि ओरडतं. मग गप्प होऊन थांबतं, जणू आता माझी पाळी आहे.